ड्रॅग शर्यत : धावमार्गाची सिद्धता व पात्रता फेऱ्या

सरळ धावमार्गावर स्थिर अवस्थेतून निघून ठरावीक अंतर कमीत कमी वेळात तोडण्याची, सामान्यतः दोन स्वयंचलित वाहनांमध्ये होणारी शर्यत. हे अंतर परंपरेने पाव मैल (४०२.३ मी.) असते. काही स्पर्धांत ते त्याच्या निम्मे असते, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत शक्तिमान अशा ‘टॉप फ्यूएल’ व ‘फनी कार’ या दोन वर्गांसाठी २००८ सालापासून ते १,००० फूट (३०४.८ मी.) करण्यात आले आहे. मार्गावर वळण नसते, वाटेत इंधन भरावयाचे नसते आणि प्रतिस्पर्ध्याची वाट अडविण्याचे डावपेचही नसतात. त्यामुळे वरवर पाहता हा मोटार-शर्यतींचा सर्वांत साधा प्रकार वाटतो. परंतु व्यावसायिक पातळीवर स्पर्धकांचा क्रम सेकंदाच्या सहस्रांशाने ठरतो आणि एवढ्या सूक्ष्म फरकाचा निवाडा ज्या पृष्ठभागावर व्हावयाचा, तो पृष्ठभाग सकाळी एक, दुपारी दुसरा व सायंकाळी तिसराच असतो. म्हणून धावमार्ग कोणी, कसा व केव्हा सिद्ध केला, हा प्रश्न या खेळात निकालाशीच जोडलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या मोटारगाड्यांत फेरफार करून त्या वेगाने पळविण्याचे वेड तरुणांत पसरले. या शर्यती कोरड्या सरोवरांच्या तळांवर आणि, कायद्याला न जुमानता, सार्वजनिक रस्त्यांवरही होत. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती सुरू झाल्या. ‘हॉट रॉड’ या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स (१९१३–२००७) यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. तिची पहिली स्पर्धा १९५३ मध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानालगतच्या वाहनतळावर, तर पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली. ही राष्ट्रीय स्पर्धा पावसामुळे अपुरी राहिली व तिच्या अखेरच्या फेऱ्या काही आठवड्यांनी ॲरिझोना राज्यात उरकाव्या लागल्या. पाऊस आणि ड्रॅग शर्यत यांचे वैर असे आरंभापासूनचे आहे. १९५४ पासून या संस्थेचे एक छोटे पथक मोटारगाडी व सामानाची जोडगाडी घेऊन देशभर हिंडले आणि गावोगावच्या मंडळांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी, हे शिकवू लागले. त्याच परंपरेतील पथकाकडे आज मोठ्या स्पर्धांत अपघात-निवारणाबरोबर धावमार्ग सिद्ध करण्याचेही काम असते. प्रारंभी निशाण दाखवून शर्यत सोडीत. निशाणवाल्याच्या खांद्याच्या हालचालीवरून क्षण हेरणारा चालक फायद्यात राही. १९६३ मध्ये दिव्यांचा खांब प्रचारात आल्यावर शर्यतीच्या सुरुवातीची ही तक्रार मिटली. पृष्ठभागाची तक्रार मात्र कोणत्याही दिव्याने मिटणारी नव्हती.

पकडीचे भौतिकीय स्वरूप : गाडीला पुढे ढकलणारे बल अखेर टायर व पृष्ठभाग यांमधील घर्षणातूनच मिळते. घर्षण गुणांक १ धरला, तर गाडीचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाहून अधिक होऊ शकत नाही आणि पाव मैलास सु. ९ सेकंद लागलेच पाहिजेत, असे सोप्या गणिताने निघते. प्रत्यक्षात १९६४ मध्ये डॉन गार्लिट्स यांनी न्यू जर्सी राज्यात हे अंतर ७.७८ सेकंदांत तोडले व अंतिम वेग ताशी ३२४ किमी. नोंदविला. आजच्या टॉप फ्यूएल गाडीस १,००० फुटांसाठी सु. ३.७ सेकंद लागतात. म्हणजे तिचा सरासरी प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. साडेचारपट येतो. मागील पंखाने व वरच्या बाजूस वळविलेल्या निष्कास नळ्यांतील वायूंनी गाडी खाली दाबली जाते, हे खरे. पण पंखाचा दाब वेग आल्यानंतरचा आहे. पहिल्या काही मीटरांत भिस्त असते ती पकडीवरच.

ही पकड नेहमीच्या घर्षणाच्या नियमांत बसत नाही, कारण रबर हा कठीण पदार्थ नव्हे. मऊ रबर पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत शिरते, आकार बदलताना ऊर्जा शोषते आणि स्वच्छ पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटतेही. पृष्ठभागावर आधीच त्याच जातीच्या रबराचा थर असेल, तर हे चिकटणे कितीतरी वाढते. टॉप फ्यूएल गाडीच्या मागील टायरांचा व्यास सु. ९१ सेंमी. व रुंदी सु. ४५ सेंमी. असते, त्यांवर नक्षी नसते आणि त्यांत हवेचा दाब साध्या मोटारगाडीच्या टायरातील दाबाच्या सु. चतुर्थांशच ठेवतात. सुटताना टायराच्या भिंतींना सुरकुत्या पडतात व भूमीशी स्पर्श करणारा भाग लांबतो. वेग वाढला की केंद्रोत्सारी परिणामाने टायर उंच व अरुंद होतो. एंजिन ८.२ लि. धारणाशक्तीचे, आठ सिलिंडरांचे, सुपरचार्जर जोडलेले असते, इंधनात सु. ९० टक्के नायट्रोमिथेन असते आणि शक्ती ११,००० अश्वशक्तीच्या पुढे सांगितली जाते. एवढी शक्ती एकाच वेळी चाकांवर सोडता येईल, असा धावमार्ग जगात नाही. अनेक चकत्यांचा क्लच मुद्दाम घसरू देऊन ती थोडीथोडी सोडावी लागते. किती सोडावी, हा निर्णय तंत्रज्ञ शर्यतीपूर्वी काही मिनिटे घेतो. अंदाज अधिक झाला तर चाके जागीच फिरून धूर निघतो. तो कमी झाला, तर चाक घट्ट धरले जाऊन पुन्हा सुटते व अशा आळीपाळीने गाडीला हिसके बसतात. दोन्ही चुकांची शिक्षा सारखीच असते.

धावमार्गाची सिद्धता : निदान प्रारंभीचा काही भाग काँक्रीटचा असणे आता सर्वमान्य आहे, कारण उन्हाने मऊ झालेले डांबर जोरदार सुटणाऱ्या गाडीखाली सरकते. संपूर्ण पाव मैल काँक्रीटचा करण्याचे धाडस बिली मायर यांनी टेक्सस राज्यातील एनिस येथे केले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या ‘टेक्सस मोटरप्लेक्स’वर एडी हिल यांनी ९ एप्रिल १९८८ रोजी ४.९९० सेकंदांचा धावकाल नोंदविला. पाव मैल पाच सेकंदांच्या आत तोडला गेल्याची ही पहिलीच वेळ होय. या विक्रमात गाडी व चालक यांच्याबरोबर काँक्रीटचाही वाटा होता, असे मानण्यास हरकत नाही.

नव्या स्पर्धेपूर्वी जुना, कडक झालेला व तुकड्यातुकड्यांनी सुटू लागलेला रबराचा थर यंत्राच्या पात्यांनी खरवडून काढतात. उंचवटे असल्यास काँक्रीट घासून सपाट करतात. नंतर मार्ग झाडून, वाऱ्याच्या झोताने धूळ उडवून पूर्ण कोरडा केला जातो. पुढची क्रिया रबर बसविण्याची. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या चौकटीत शर्यतीचे जुने टायर वजनाखाली दाबून पृष्ठभागावर फिरवीत किंवा ओढीत नेतात. त्यांतून झिजलेले रबर काँक्रीटच्या छिद्रांत भरते व एकसंध थर तयार होतो. त्यावर राळेसारखा चिकट द्राव अल्कोहॉलमध्ये पातळ करून फवारतात आणि तो वाळत असता पुन्हा टायर फिरवून थरात मुरवितात. उत्तम सिद्ध झालेल्या मार्गावर उभ्या राहिलेल्या माणसाचे बूट जमिनीला चिकटतात व पाय उचलताना बुटातून बाहेर येतो.

हे सर्व करण्यात प्रमाणाचा विवेक लागतो. द्रावात अल्कोहॉल किती घालावे, हे हवेच्या तपमानावर अवलंबून असते. थंडीत ते लवकर उडून जात नाही, आणि द्राव ओला राहिला तर चिकटण्याऐवजी तो वंगणाचे काम करतो. फवारा प्रारंभरेषेजवळ दाट व पुढे विरळ ठेवतात. प्रारंभरेषेमागे सु. दहा-वीस मीटरांचा पट्टा सर्वांत नाजूक असतो. तेथे प्रत्येक गाडी प्रथम पाण्यात टायर भिजवून जागीच फिरविते, त्यांना तापविते व स्वतःचे ताजे रबर मार्गावर सोडते. या क्रियेस ‘बर्नआउट’ म्हणतात. ज्या जागी चाके पहिला जोर घेतात, त्या जागेचे रबर पापुद्रा सुटावा तसे कधीकधी उचकटून येते व खाली उघडे काँक्रीट दिसू लागते. असा हातभर लांबीचा टक्कल पडलेला तुकडाही पुढील जोडीची फेरी बिघडवू शकतो.

पृष्ठभागाचे तपमान हा सर्वांत चंचल घटक होय. सु. २५° ते ४०° से. दरम्यान रबराचा थर सर्वांत चांगली पकड देतो. उन्हाळ्याच्या दुपारी काँक्रीट ५५° से.च्या पुढे तापले की तोच थर तेलकट होतो. सूर्य ढगाआड गेला तर काही मिनिटांत काही अंशांचा फरक पडतो, आणि प्रेक्षागृहाची सावली सायंकाळी दोहोंपैकी एका मार्गिकेवर आधी येते. रात्री मार्ग दवांकाखाली थंड झाला, तर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि शर्यत थांबवावी लागते. आयोजकांचे पथक व प्रत्येक संघ प्रारणमापकाने मार्गाचे तपमान सतत घेतात. रबराचा तुकडा ठरावीक वजनाखाली मार्गावर टेकवून तो फिरविण्यास किती परिपीडन लागते, हे पाहणारी पकडमापक उपकरणेही प्रचारात आहेत. या मापनांमुळे पूर्वी बुटाच्या तळव्यावर चालणारी परीक्षा आकड्यांत आली. तथापि आकडा एका बिंदूचा असतो आणि गाडीला तीनशे मीटर जावयाचे असते.

पात्रता फेऱ्या : व्यावसायिक वर्गांत अंतिम दिवशीच्या बाद फेऱ्यांसाठी सामान्यतः १६ स्पर्धक घेतले जातात. ते निवडण्यासाठी आदल्या एक-दोन दिवसांत तीन किंवा चार पात्रता फेऱ्या होतात. प्रत्येकाचा सर्व फेऱ्यांतील एकच सर्वोत्तम धावकाल धरतात. दोघांचा धावकाल सारखा आल्यास ज्याचा अंतिम वेग अधिक तो वर लागतो. मग पहिल्याची सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी अशा जोड्या लावल्या जातात. सोळाव्या जागेचा धावकाल हा पात्रतेचा उंबरठा असतो. तो ओलांडू न शकलेला संघ देशाच्या दुसऱ्या टोकापासून आला असला, तरी रविवारी सामान आवरून परत जातो. त्याला बाद फेऱ्यांतील बक्षीस नाही व गुणही नाममात्रच. अलीकडे खर्च वाढल्याने टॉप फ्यूएलसारख्या वर्गांत अनेकदा १६ गाड्याही येत नाहीत व आलेले सर्वच पात्र ठरतात. मात्र तेव्हाही क्रमांकाचे मोल उरते, कारण वरच्या क्रमांकास दुबळा प्रतिस्पर्धी किंवा प्रतिस्पर्ध्याविना फेरी मिळते. शिवाय पहिल्या बाद फेरीत दोन मार्गिकांपैकी हवी ती निवडण्याचा अधिकारही त्यालाच असतो. पुढील फेऱ्यांत हा अधिकार आधीच्या फेरीत कमी धावकाल नोंदविणाऱ्याकडे जातो.

येथे धावकाल व शर्यतीचा निकाल यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रारंभरेषेवर १७.८ सेंमी. अंतराने दोन प्रकाशशलाका आडव्या सोडलेल्या असतात. पुढील चाकाने पहिली अडविली की गाडी जवळ आली, दुसरी अडविली की ती रेषेवर उभी राहिली, असे समजतात. व्यावसायिक वर्गांत तीन पिवळे दिवे एकदम लागून ०.४ सेकंदाने हिरवा लागतो. धावकालाचे घड्याळ मात्र दिव्याबरोबर सुरू होत नाही. चाक दुसऱ्या शलाकेतून बाहेर पडताच ते सुरू होते. म्हणून बाद फेरीत ३.७५० सेकंदांत अंतर तोडणारा पण हिरव्या दिव्यानंतर ०.०९० सेकंदाने सुटणारा चालक, ३.७७० सेकंद घेणाऱ्या पण ०.०६० सेकंदाने सुटणाऱ्या चालकाकडून हरतो. पात्रता फेरीत चालकाच्या या चपळाईला किंमत नसते. तेथे गाडी, तंत्रज्ञ, हवा व धावमार्ग यांचीच परीक्षा होते. चाक शलाकेत जेमतेम शिरेल असे उभे राहिल्यास घड्याळ सुरू होण्यापूर्वी गाडीला काही सेंमी. धाव मिळते, हा बारकावाही पात्रता फेरीत सर्वजण जपतात.

वाटेत १८.३, १००.६, २०१.२ मी. इ. अंतरांवरही कालमापक असतात. त्यांच्या आकड्यांवरून मार्गाचा कोणता टप्पा बिघडला आहे, हे जाणत्याला कळते. पहिल्या १८.३ मी.चे आकडे एका मार्गिकेत सातत्याने वाढू लागले, तर दोष गाड्यांचा नव्हे, जमिनीचा असतो.

न्याय्यतेचा प्रश्न : कालमापन निर्दोष आहे असे धरले, तरी दोन धावकालांची तुलना न्याय्य ठरण्यास दोन्ही धावा सारख्या स्थितीत झाल्या पाहिजेत, आणि तसे कधीच होत नाही. फरक तीन प्रकारचे असतात : फेरीफेरीतील, एकाच फेरीतील गाड्यांच्या क्रमाचा आणि दोन मार्गिकांमधील.

पहिला प्रकार सर्वांना सारखाच लागू असतो. दुपारची फेरी सर्वांनाच कठीण व सायंकाळची सर्वांनाच अनुकूल. थंड हवा दाट असते, तीत ऑक्सिजन अधिक असतो आणि मार्गही पकड धरतो. यामुळे सर्वोत्तम धावकाल बहुधा सायंकाळच्याच फेरीत निघतात. मात्र चार संधी कागदावर राहतात व खरी संधी एकच उरते. त्या एका फेरीत ज्याच्या गाडीचे एंजिन बिघडले, त्याचा संपूर्ण आठवडा वाया जातो. म्हणूनच अनुभवी संघ पहिल्या फेरीत बेताची शक्ती सोडून एक सुरक्षित धावकाल पदरात पाडून घेतात आणि धाडस नंतर करतात. तापलेल्या मार्गावर शक्ती आवरून गाडी शेवटपर्यंत नेणे हे कसबाचे काम आहे. केवळ सर्वोत्तम धावकाल मोजण्याच्या पद्धतीत त्या कसबाला वाव मिळत नाही, आणि ही या पद्धतीची खरी उणीव म्हटली पाहिजे. बाद फेऱ्या बहुधा उन्हातच होतात, त्यामुळे सायंकाळचा पहिला दुपारी पहिल्याच फेरीत बाद झालेला अनेकदा पाहावयास मिळतो.

दुसऱ्या प्रकारावर उपाय गाड्यांच्या क्रमाचा. नंतरच्या फेऱ्यांत मंद गाड्या आधी व वेगवान गाड्या शेवटी सोडण्याचा प्रघात आहे. प्रेक्षकांच्या उत्कंठेसाठी तो सोयीचा आहेच; परंतु मावळत्या सूर्याबरोबर मार्ग निवत असेल, तर शेवटी धावणाऱ्यांना सर्वांत चांगला मार्ग मिळतो. म्हणजे जो पुढे आहे त्यालाच पुढे जाण्यास मदत होते. उलट उन्हे चढत असताना त्याच क्रमाने त्यांचा तोटा होतो. पाऊस आल्यास परिस्थिती आणखी अवघड. फेरी अर्धवट राहिली, तर ज्यांची धाव झाली व ज्यांची झाली नाही, त्यांच्यात समता कशी साधावी, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. उरलेल्या फेऱ्या धुवून गेल्यास झालेल्या फेऱ्यांवरच क्रम लावावा लागतो.

तिसरा प्रकार मार्गिकांचा. एकाच दिवशी ओतलेले काँक्रीटही दोन्ही बाजूंस तंतोतंत सारखे बसत नाही. सावली, वारा, उंचवटे, पूर्वीच्या गाड्यांनी सोडलेले रबर यांनी एक मार्गिका दुसरीहून सरस ठरते, आणि बाद फेऱ्यांत जो तो तीच निवडू लागला की तिच्यावरील रबर आणखी साचते. काही वेळाने तीच मार्गिका अति साचलेल्या थरामुळे बिघडते, असाही अनुभव येतो. पात्रता फेऱ्यांत स्पर्धकास आळीपाळीने दोन्ही मार्गिका देणे हा सरळ उपाय होय. २०१० साली नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटजवळ चार मार्गिकांवर एकाच वेळी चार गाड्या सोडण्याची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चार पात्रता फेऱ्यांत प्रत्येक गाडीने प्रत्येक मार्गिकेवर एकदा धावावे, अशी योजना करण्यात आली. समतेची याहून स्वच्छ मांडणी या खेळात दुसरी नाही. तरीही तीत एक छिद्र राहतेच : सायंकाळच्या अनुकूल फेरीत ज्याच्या वाट्यास दुबळी मार्गिका येते, त्याला सकाळी मिळालेल्या सरस मार्गिकेचा उपयोग नसतो. मार्गिकांची संख्या वाटता येते, मार्गिका व वेळ यांचा योग वाटता येत नाही.

या तिन्हींत भर घालते ते तेल. नायट्रोमिथेनवर चालणारे एंजिन फुटले की तेल शेकडो मीटर सांडते. भुकटी टाकून ते शोषून घेणे, धुणे, घासणे, कोरडे करणे, पुन्हा द्राव फवारणे व टायर फिरविणे यांत बराच वेळ जातो आणि तोवर ऊन किंवा सावली बदललेली असते. दुरुस्त केलेला तुकडा बाजूच्या मार्गिकेपेक्षा चांगला झाला, तरी अन्यायच आणि वाईट झाला, तरी अन्यायच. तेल सांडणाऱ्या संघास दंड व गुणकपात करण्याचा नियम संस्थेने केला, त्यामागे वेळेच्या अपव्ययाइतकेच हेही कारण संभवते. व्यावसायिक गाड्यांच्या मधल्या वेळेत शेकडो हौशी स्पर्धक त्याच मार्गावर धावतात. त्यांचे टायर निराळ्या, बहुधा कठीण रबराचे असतात व बसलेला थर उचकटतात. हौशींच्या प्रवेशशुल्काखेरीज स्पर्धेचा खर्च निघत नाही, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

स्थळ बदलले की तुलना आणखी अवघड होते. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ समुद्रसपाटीपासून सु. १,७५० मी. उंचीवर असलेल्या बँडिमिअर धावमार्गावर २०२३ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धा होत. तेथे हवेची घनता सु. एक-षष्ठांशाने कमी असल्याने सुपरचार्जर नसलेल्या ‘प्रो स्टॉक’ वर्गातील गाड्या स्पष्टपणे मंदावत. उलट पेनसिल्व्हेनियातील मेपल ग्रोव्ह येथे सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनी फोर्स यांनी पात्रता फेरीत १,००० फूट ३.६२३ सेकंदांत तोडले. एका स्पर्धेतील पात्रतेचा क्रम त्यामुळे फक्त त्याच स्पर्धेपुरता अर्थपूर्ण असतो. राष्ट्रीय विक्रमाला मात्र असे बंधन नसते. म्हणून अनेक वर्षे अमलात असलेल्या नियमानुसार विक्रमी धावकालास त्याच स्पर्धेतील, त्याच्या एक टक्क्याच्या आत असणाऱ्या दुसऱ्या धावेचा आधार द्यावा लागे. एखाद्या क्षणी जुळून आलेली हवा व मार्ग विक्रमाला पुरेसे ठरू नयेत, हा त्यातील हेतू स्पष्ट आहे.

सुरक्षितता व अधिकार : चांगली पकड म्हणजे अधिक वेग आणि अधिक वेग म्हणजे थांबण्यासाठी अधिक लांबीची गरज. १९९२ मध्ये केनी बर्नस्टाइन यांनी गेन्सव्हिल येथे ताशी ४८५.५ किमी. (३०१.७० मैल) वेग गाठून तीनशे मैलांची मर्यादा ओलांडली. जुन्या धावमार्गांच्या टोकाला मात्र थांबण्यासाठी तेवढीच जागा राहिली होती. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे पात्रता फेरीतच स्कॉट कॅलिटा यांच्या फनी कारच्या एंजिनाचा स्फोट झाला, हवाई छत्र्या निकामी झाल्या व गाडी मार्गाच्या टोकापलीकडे जाऊन ते मृत्यू पावले. पुढच्याच महिन्यात नायट्रोमिथेनवरील दोन्ही वर्गांचे अंतर १,००० फुटांवर आणण्यात आले. ही तात्पुरती योजना असल्याचे प्रथम सांगितले गेले. ती कायम झाली.

अंतर कमी करणे हा वेग आवरण्याचा उघड मार्ग आहे. पुढच्या टप्प्यात द्राव कमी फवारणे किंवा थर अधिक खरवडणे, हा दुसरा व कमी उघड मार्ग. त्याने वेग घटतो खरा, परंतु पकड जेथे एकाएकी संपते तेथे चाके सुटून गाडी आडवी जाण्याचा धोका वाढतो. शिवाय सवयीचा मार्ग अचानक बदलला, तर ज्या संघांकडे सरावासाठी पैसा व अनेक धावांच्या नोंदी आहेत, तेच लवकर सावरतात. नियम करणे, स्पर्धा भरविणे व धावमार्ग सिद्ध करणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेकडे असल्याने मार्गाविषयीचा प्रत्येक निर्णय संशयास पात्र होतो, मग तो कितीही सद्हेतूने घेतलेला असो. फवाऱ्याचे प्रमाण, तपमान व पकडमापकाचे आकडे प्रत्येक फेरीपूर्वी सर्व संघांना एकाच वेळी कळविणे, एवढ्यानेही या संशयाला बराच आळा बसेल.

धावमार्ग सिद्ध न करताच शर्यत घेण्याचा एक प्रकार अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाला; दूरचित्रवाणीने त्याला प्रेक्षक मिळवून दिले. भारतात स्वतंत्र ड्रॅग धावमार्गांची परंपरा नसल्याने अशा शर्यती बहुधा विमानांच्या धावपट्टीवर होतात. महाराष्ट्रात लोणावळ्यानजीकच्या ॲम्बी व्हॅली येथील धावपट्टीवर त्या झाल्या आहेत. धावपट्टीवर रबराचा थर बसविलेला नसतो व विमानांच्या सोयीसाठी तो बसू दिलाही जात नाही, त्यामुळे तेथील धावकालांची सिद्ध मार्गावरील धावकालांशी तुलना करता येत नाही. अमेरिकेतील सिद्धताविरहित शर्यतींत तर धावकाल सामान्यतः जाहीरच करीत नाहीत. कोण आधी पोहोचला, एवढेच सांगतात.